हजेरीपटावर पुन्हा नाव

साहित्य: एक रिकामी खोली (कपाट भरलेलं, पलंग मोकळा). स्वयंपाकघरातलं कालनिर्णय, ज्याच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिला जातो. पेन्सिल. चालते पाय. घराची एक जादा किल्ली, शेजारी ठेवायला. लाज, जितकी कमी तितकी बरी. नवरा किंवा बायको, असल्यास. नसली तरी कृती बिघडत नाही.

वेळ: साधारण एक वर्ष. मोठ्या आचेवर केली तर करपते.

मिरज हे पाठवणीचं गाव. इथले तंबोरे देशभर जातात, बरे झालेले पेशंट अथणी-चिकोडीच्या गाड्यांत बसून घरी जातात, २०१६च्या एप्रिलात तर लातूरकरांसाठी पाणीसुद्धा इथल्याच स्टेशनातून रेल्वेनं गेलं. मुलं जातात त्याचं नवल कसलं? आमची मुलगी आधी पुण्याला गेली, दोन वर्षांनी मुलगा बंगळूरला. त्याला गाडीत बसवून जंक्शनच्या बाहेर आलो तर रिक्षावाला म्हणाला, "दोघंच का?" जाताना आम्ही तिघं होतो, वर चार डाग.

त्यानंतरचे आठ महिने मी काय केलं ते सविस्तर सांगत नाही, कारण ते करू नये. हॉल रंगवला, रंग आवडला नाही म्हणून पुन्हा रंगवला, आणि मुलाला दिवसातून चार फोन केले. पुढे हळूहळू जे जमलं, ते क्रमानं लिहिते. गाव मिरज धरलंय, कारण मला दुसरं येत नाही. सांगली, सातारा, कऱ्हाडच्या वाचकांनी गल्लीचं नाव बदलून घ्यावं.

पहिलं: तांदळाची वाटी बदला

ही पायरी क्षुल्लक वाटेल, पण ती वगळून पुढे गेलात तर कृती बसत नाही. चार माणसांचा स्वयंपाक हाताला पाठ असतो. हात वाट्या मोजतो, माणसं मोजत नाही. मी ठरवून कमी करायची आणि तरी रोज भात उरायचा. उरलेला भात सकाळी फोडणीचा, पोळ्या उरल्या की दुपारी कुस्करा, आणि संध्याकाळी पुन्हा ताजं, कारण "ह्यांना" शिळं चालत नाही. म्हणजे उरलेलं संपवणं हाच माझा दिवसाचा कार्यक्रम झाला होता.

उपाय एकच. मापं बदला. तांदळाची जुनी वाटी माळ्यावर ठेवा आणि निम्म्या मापाची घ्या. हाताला "दोन वाट्या" घालू द्या, त्याची समजूत मोडू नका. कणकेची परात लहान घ्या. दूधवाल्याला सांगा; हे सांगताना घशात काहीतरी येतं, येऊ द्या, तो बिचारा अशा दहा घरांतून ऐकून आलेला असतो. आमचं दीड लिटरचं पाऊण लिटर झालं. हाताला नवं माप बसायला तीन आठवडे लागतात. तेवढ्यात सकाळचा पाऊण तास मोकळा होतो. तो लगेच कशाला देऊ नका, नुसता राहू द्या.

दुसरं: भोक नेमकं कुठे आहे ते शोधा

"दिवस खायला उठतो" असं आपण म्हणतो. सगळा दिवस उठत नाही. पंधरा दिवस कालनिर्णयाच्या चौकटीत, दुधाच्या आकड्याखाली, पेन्सिलीनं एवढंच लिहा: आज घड्याळाकडे उगाच कधी बघितलं? रिकाम्या खोलीत कधी जाऊन उभं राहिलं? फोन हातात घेऊन कधी ठेवला?

माझ्या चौकटींत दोनच वेळा निघाल्या. संध्याकाळी साडेचार ते साडेसहा, म्हणजे शाळा-क्लासहून येऊन दप्तर फेकून "आई, खायला काय?" ची वेळ. आणि रविवारी सकाळी नऊ ते अकरा. दुपार मला अजिबात जड जात नव्हती. सकाळी तर वेळ पुरत नव्हता.

हे कळण्याचा फायदा असा की सल्ले गाळता येतात. मला प्रत्येकानं पहाटेचा योगवर्ग सुचवला होता. योग चांगलाच असतो, पण पहाटे पाचला माझं काही बिनसत नव्हतं. संध्याकाळी साडेचारला बिनसत होतं. ठिगळ भोकावर लावायचं, शेजारच्या धडक्या कापडावर लावून काय उपयोग? तुमची वेळ वेगळी निघेल. माझ्या एका मैत्रिणीची रात्री दहाची निघाली, मुलाचा अभ्यास चालू असताना ती त्याला दूध द्यायची ती वेळ. रात्री दहाला मिरजेत कुठला क्लास असणार? तिनं त्या वेळेला शेजारच्या वाड्यातल्या आजींना पेपर वाचून दाखवायला सुरुवात केली. आजींना झोप येत नव्हती आणि हिलाही.

तिसरं: मुलांना फोनची वेळ द्या

थोडक्यात सांगते. रविवारी आणि बुधवारी, रात्री साडेनऊला. मधे काही घडलं तर मेसेज. "जेवलास का" हा प्रश्न आठवड्यातून दोनदाच. मुलांनी हे दोन दिवसांत मान्य केलं, मला दोन महिने लागले.

चौथं: जागा निवडा, आणि निवडताना एकच कसोटी लावा

आता मुख्य काम. लोक म्हणतात, छंद शोधा. मी म्हणते, छंद नंतर सापडतो, आधी जागा शोधा. कसोटी ही: मी आज गेले नाही, तर उद्या कोणी विचारेल का, "काल का आला नाहीत?"

शाळेत आपण आजारी पडलो की हजेरीपटात लाल शाईनं गैरहजेरी लागायची. तेव्हा त्याची भीती वाटायची. पंचवीस वर्षं आई म्हणून आपली गैरहजेरी दिवसाला दहादा लागत असते, डबा नाही, इस्त्री नाही, आई कुठे गेली. मुलं गेली की हजेरीपट मिटतो. आपण दिवसभर कुठेही असलो तरी कोणाचं अडत नाही, आणि हे स्वातंत्र्य म्हणून फार दिवस मिरवता येत नाही. तेव्हा जिथे आपली गैरहजेरी लागेल अशी एक जागा हवी. एकच पुरते.

या कसोटीवर गावातल्या जागा घासून बघा.

फिरायला जाणं: एकटीनं गेलात तर शून्य. चौघींचा घोळका ठरलेल्या कोपऱ्यावर थांबत असेल तर पास.

वाचनालय: आमच्याकडे खरे मंदिर आहे. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे, त्यांच्या नावाचं. शिकवण्याची नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं वर्षानुवर्षं वाचली, लावली आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापली. सदस्य व्हाच. पण वाचनालयात माणूस गप्प बसायला जातो. महिनाभर गेला नाहीत तर पुस्तकाची आठवण येईल, तुमची येईलच असं नाही. तरीही ही जागा मी पहिल्या महिन्यासाठी सुचवते, कारण तिथे कोणाशी न बोलता माणसांत बसता येतं. घराबाहेर पडायची सवय लागायला तेवढं लागतं. घरात मोडीतले जुने कागद असतील तर ते कोणाला वाचता येतात याची चौकशीही तिथेच सुरू करा. आमच्या वाड्याचा एक कागद तीस वर्षं ट्रंकेत होता, त्यात पणजोबांच्या नावावर विहिरीचा चौथा हिस्सा निघाला. विहीर बुजून जमाना झाला, पण मोडी शिकायची हौस एका जावेला त्यातून लागली.

व्याख्यानं: मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते. ऐकावं, जरूर ऐकावं. पण शंभर माणसांत बसून ऐकल्यावर तुमची खुर्ची कोणाच्या लक्षात राहत नाही. इथे युक्ती अशी की रोज त्याच रांगेत, त्याच खुर्चीवर बसा. तिसऱ्या दिवशी शेजारची बाई तुमच्यासाठी पिशवी ठेवून जागा धरते. चौथ्या दिवशी नाव विचारते. मला पुढे उपयोगी पडलेल्या दोन ओळखी अशाच खुर्चीवरच्या पिशवीतून झाल्या.

भजनी मंडळ: उत्तम मार्कांनी पास. टाळ कोणी धरायचा हे ठरलेलं असतं, त्यामुळे न येणाऱ्याची खबर लगेच लागते. मला मात्र जमलं नाही. दोष मंडळाचा नाही, माझा. मला साडीचा रंग ठरवून जायला आवडत नाही.

शेवटी क्लास. इथे अक्षरशः हजेरीपट असतो.

जागा निवडली की एक नियम पाळा: चार वेळा गेल्याशिवाय मत बनवायचं नाही. पहिल्या खेपेला सगळीकडे परकंच वाटतं. दुसऱ्या खेपेला आपण त्यांच्यापेक्षा शहाणे आहोत असं वाटतं. तिसऱ्या खेपेला जावंसं वाटत नाही, तेव्हा तर जायचंच. चौथ्या खेपेनंतर सोडायचं असेल तर खुशाल सोडा.

पाचवं: शिकायला बसा (मी गाणं घेतलं)

मिरजेत राहून पन्नाशीपर्यंत गाण्याशी फक्त रेडिओपुरता संबंध ठेवणं ही एक प्रकारची कर्तबगारीच म्हणायची. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. २७ ऑक्टोबर १९३७ला पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहानशा स्टेशनावर ते गेले, आणि त्यांना आणलं ते मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्ररात्र गाणं होतं. लहानपणी मी तिथे वडिलांच्या मांडीवर झोपले आहे. ऐकलं म्हणवत नाही.

पण शिकायला उतरायचं बळ मला दुसऱ्याच एका गोष्टीनं दिलं. कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे फटाक्यानं दुखावले. त्याला उपचारांसाठी मिरजेला आणलं. वाचणं-लिहिणं जमेना म्हणून तो गाण्याकडे वळला आणि इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे बरीच वर्षं शिकला. हे विष्णु दिगंबर पलुस्कर. १८९६ मध्ये ते मिरजेतून बाहेर पडले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यात नवं काय होतं? वर्ग, वेळापत्रक, ठरलेला अभ्यासक्रम. गुरूच्या घरी पाणी न भरता, घराण्यात जन्म न घेता, साध्यासुध्या माणसानं फी भरून गाणं शिकावं. १९३१ मध्ये ते गेले, त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. त्याच्या परीक्षा आज देशभर होतात, आणि मंडळाचं एक कार्यालय आमच्या ब्राह्मणपुरीत आहे. मी पंचवीस वर्षं त्या रस्त्यानं भाजी आणली.

आता कृती.

१. शिक्षक असा बघा की ज्यांचा वर्ग तुमच्या भोकाच्या वेळेला भरतो. नावाजलेले गुरू सकाळी सातला असतील आणि साध्या बाई संध्याकाळी पाचला, तर साध्या बाई. मला मंगळवार आणि गुरुवार, पाच ते सहा मिळाले.

२. वर्गात मुलं असतील. माझ्या वर्गात सर्वांत मोठा मुलगा तेरा वर्षांचा होता, त्यानंतर एकदम मी. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं मी कोणालातरी सोडायला आलेय. एका मुलीनं मला बाहेरचा बाक दाखवला. आत जाऊन सतरंजीवर बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची मागा, लाजू नका. स्वर गुडघ्यातून येत नाही.

३. पट्टीचा हट्ट धरू नका. शाळेत काळी चारमध्ये गायल्याची आठवण प्रत्येकीला असते. मीही तीच धरून बसले होते. बाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि पेटीवर काळी दोनचा सा दिला. गळा एकदम सैल झाला. वयाबरोबर आवाज खाली येतो, जसा चष्म्याचा नंबर बदलतो.

४. सुरुवातीचे तीन महिने फक्त अलंकार, मग पाच स्वरांचा भूप. घरी रोज वीस मिनिटं. तीही ठरलेल्या वेळेलाच, आणि त्या रिकाम्या खोलीत. खोलीचं काय करायचं हा प्रश्न असा आपोआप मिटतो. पलंग काढू नका, दिवाळीत लागतो. त्याच्या पायथ्याशी सतरंजी घाला.

५. परीक्षेचा फॉर्म भरा. प्रारंभिक ही पहिली पायरी, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला. "या वयात परीक्षा कशाला?" असं घरचेच विचारतील. परीक्षा सर्टिफिकेटसाठी नाही, तारखेसाठी. तारीख समोर असल्याशिवाय मोठं माणूस रोज वीस मिनिटं बसत नाही, पाहुणे येतात, लग्नं येतात, गुडघा दुखतो. माझ्या वर्गातल्या सहा फॉर्मांपैकी पाचांवर जन्मसाल २०१० नंतरचं होतं. बाईंनी गठ्ठा करताना माझा सगळ्यांत खाली ठेवला, तेवढाच मान.

पास झाले. मार्क विचारू नयेत.

तंबोरा घ्यावा का, हा प्रश्न वर्षाअखेरीला येतोच. आधी मोबाइलवरच्या तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर काम भागवा. ते फुकट आहे आणि बेसूर होत नाही. पण मिरजेत राहून सतारमेकर गल्लीत न जाणं म्हणजे पंढरपुरात राहून देवळात न जाणं. तिथे बघायला जा, विकत घ्यायचं असो नसो. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या शिकलगारानं, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या माणसानं, हे काम इथे सुरू केलं. लढाया थांबल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, मग तोच हात वाद्याकडे वळला. चालू धंदा बसल्यावर नवं शिकलेला गावातला हा माझा आवडता माणूस. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

दुकानात गेल्यावर असं करा. किंमत आधी विचारू नका. "बायकी तंबोरा, काळी दोन" असं सांगा. भोपळा बघा: पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे हे भोपळे वाळवून ठेवलेले असतात, तडा गेलेला आहे का, जुना सांधा आहे का, हे हात फिरवून कळतं. दांडी एका डोळ्यानं वरून खाली बघा, सरळ हवी. खुंट्या फिरवून बघा. सरकणारी खुंटी पुढे रोज रडवते. मग कारागिराला म्हणा, जवारी ऐकवा. घोडीवर तार जिथे टेकते तिथला पृष्ठभाग घासून असा काढलेला असतो की तार छेडली की नुसता टणत्कार न होता तिच्यातून झंकार उलगडत जातो. ती जवारी. सांगून कळत नाही, दोन तंबोरे लागोपाठ ऐकले की कळते. नवा परवडत नसेल तर दुरुस्त केलेला जुना आहे का विचारा. माझा तसाच आहे. कोणाच्या तरी माळ्यावरून उतरलेला.

लावायची रीत: पेटीवरून सा घ्या. मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, त्या सा मध्ये मिळवा. शेवटची जाड तार खर्ज, ती एक सप्तक खाली. पहिली तार मंद्र पंचम. मालकंसासारखा पंचम नसलेला राग असेल तर मध्यम. ढोबळ काम खुंटीनं, बारीक काम खालच्या मण्यानं. मग घोडी आणि तार यांच्यामधला सुताचा दोरा केसभर मागेपुढे सरकवायचा, कुठेतरी तार एकदम "बोलते", तिथे थांबायचं. पहिली तार मधल्या बोटानं, उरलेल्या तीन तर्जनीनं. घाई नको, आणि ठेकाही धरायचा नाही.

हे सगळं एकटीला करता येतं. फक्त लागला की नाही ते सुरुवातीची वर्षं दुसऱ्याच्या कानानं ठरवावं लागतं. मी वीस मिनिटं खटपट करून "लागला" म्हणते, आणि वर्गातला आठ वर्षांचा मुलगा म्हणतो, "आजी, जोडीतली एक उतरलीय."

सहावं: भिशीत पुस्तक घाला

तुमची भिशी असेलच. मिरजेत भिशी नसलेली बाई मला माहीत नाही. नवा ग्रुप काढण्याच्या भानगडीत पडू नका, नवे ग्रुप दोन महिन्यांत विरतात. चालू गाडीलाच डबा जोडा. भिशीची गाडी पैशावर चालते, म्हणून ती बंद पडत नाही.

आमची रीत अशी. दहा जणी, महिना पाचशे, जमले पाच हजार. जिची चिठ्ठी निघते तिला चार हजार सातशे हातात, तीनशेचं तिनं पुस्तक आणायचं, स्वतःच्या आवडीचं. तिनं वाचून पुढच्या महिन्यात दुसरीला द्यायचं. दहा महिन्यांत दहा पुस्तकं फिरतात. खर्च प्रत्येकीचा तीनशेच.

तीन अटी घाला. पुस्तकाबद्दल बोलणं खाण्याच्या आधी, वीस मिनिटं. खाल्ल्यावर कोणी बोलत नाही. खायला एकच पदार्थ आणि चहा, नाहीतर सहाव्या महिन्यापर्यंत चार पदार्थ आणि आइस्क्रीम होतं आणि सातवी घाबरून भिशी सोडते. आणि वाचलं नसेल तर "वाचलं नाही" एवढंच म्हणायचं, कारण सांगायचं नाही. पहिल्या महिन्यात आठ जणींनी वाचलं नव्हतं. एकीनं आणलेलं पुस्तक पाककृतींचं होतं, त्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. चालतं. पाचव्या महिन्यात एकीनं आत्मचरित्र आणलं आणि भडंगाची बशी तासभर कोणी उचलली नाही.

सातवं: भाषा, भाजीबरोबर

ही पायरी सीमाभागातल्यांसाठी. मुलगा बंगळूरला, दारात येणारी भाजीवाली कागवाडकडची, दवाखान्यांतल्या बाकांवर निम्मी माणसं कानडी बोलणारी, आणि मला "गोत्तिल्ला" (माहीत नाही) पलीकडे कानडी येत नव्हतं.

क्लास लावू नका. रोज एक वाक्य भाजीवालीकडून घ्या, दुसऱ्या दिवशी तिलाच परत करा. मी "एष्टु" (किती) पासून सुरुवात केली, मग "ह्यांग अदीरि" (कशा आहात). तिनं माझे उच्चार ऐकून शेजारणीला बोलावून ऐकवले, दोघी हसल्या. हसू द्या. लिपीसाठी कर्नाटकच्या एसटी गाड्यांच्या पाट्या वाचा. गावाचं नाव तुम्हाला आधीच माहीत असतं, म्हणून अक्षर ओळखता येतं. चार महिन्यांत मला पाट्या वाचता येऊ लागल्या. मुलाला मी फोनवर कानडीत विचारलं तर त्याला कळलं नाही. तो म्हणाला, "आई, इथे सगळे इंग्रजीत बोलतात." मग मी भाजीवालीलाच विचारत राहिले. एक महिना ती आली नाही तर तिच्या सुनेला विचारून घेतलं, कानडीत. पायाचं हाड मोडलं होतं. इथेच एका वॉर्डात होती, जाऊन आले.

आठवं: नवऱ्याला सोबत घेऊ नका

प्रेम असेल तरी. दोघांनी एकाच क्लासला जायचं ठरवलं तर एक आजारी पडला की दोघं घरी. शिवाय पुरुषांचं गणित वेगळं असतं. त्यांना "माणसांत मिसळा" म्हटलं की ते टीव्ही लावतात. त्यांना उचलायला काहीतरी द्यावं लागतं.

आमचे हे कुठल्याच कट्ट्यावर रमेनात. ज्येष्ठ नागरिक संघात जायला साठी व्हायची होती, त्याची ते वाट बघत होते, तेवढंच एक काम. मग एका नवरात्रात अंबाबाईच्या देवळातल्या संगीत महोत्सवाला आम्ही ऐकायला गेलो. सतरंज्या कमी पडल्या, कोणीतरी ह्यांच्या हातात एका सतरंजीचं टोक दिलं. पुढचे सगळे दिवस हे साडेपाचला तयार होऊन निघत होते. आता गावात कुठेही कार्यक्रम असला की ह्यांना फोन येतो. गाण्यातलं ह्यांना आजही काही कळत नाही. पण कुठल्या सभागृहात किती खुर्च्या, माइकची वायर कुठून घ्यायची, चहाला कोणाला सांगायचं, हे कळतं. गेले नाहीत तर दोन जण घरी येऊन बघून जातात.

बिघडलं तर

दोन महिने सगळं नीट चालून एक दिवस अचानक खोलीत जाऊन रडू आलं: कृती चुकलेली नाही. त्या दिवशी रियाज नको, क्लासला मात्र जा.

सून किंवा मुलगी म्हणाली, "आई, तू इकडेच ये ना राहायला": पंधरा दिवसांसाठी जा, आणि निघण्यापूर्वी परतीचं तिकीट काढा. बाईंना तारीख सांगून जा.

रोज उदास वाटतं, झोप उडाली, जेवण जात नाही आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय: ही पाककृती बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही.

सगळ्या ठिकाणी नाव घातलं आणि आता दमायला होतं: एक सोडून सगळं सोडा. जिथे गैरहजेरी लागते ते ठेवा.

शेवटचं: दिवाळीत क्लास बुडवू नका

ही सर्वांत अवघड पायरी आहे आणि मी ती दोनदा चुकले. मुलं येणार म्हटलं की आठ दिवस आधीपासून आपण सगळं रद्द करतो. जुनी वाटी माळ्यावरून खाली येते. मुलं चार दिवसांनी जातात आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

म्हणून आता लाडू आधी करून ठेवते, आणि सुट्टी बाई देतील तेवढीच घेते. परवा मुलगा सकाळच्या गाडीनं आला. गुरुवार होता. दिवसभर झोपला, साडेचारला उठून स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, खायला काय?" मी तोवर साडी बदलून वही पिशवीत घालत होते. डब्यात चिवडा आहे म्हटलं. चपला घालताना त्याला दिसेल अशी फ्रीजवर चिठ्ठी लावली: सव्वासहाला येते. कुकर लाव. तांदूळ नव्या वाटीनं तीन.